रंगरावचं भिरभिरं

“आणि मग मी काय केलं,” बापू म्हणाला, आणि हातातला चहाचा कप त्यानं छातीशी ओढला, “दांडा असा मागं घेतला. हळूच. घोड्याचा लगाम घ्यावा तसा.”

चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. बापूला त्याची शुद्ध नव्हती. तो त्या वेळी जमिनीपासून चाळीस फूट वर होता, आणि पुण्याहून आलेले रानवडे त्याच्या तोंडासमोर फोन धरून ते सगळं टिपून घेत होते.

“मग?” रानवडे म्हणाले.

“मग काय, उडालं की! खाली माणसं एवढी एवढी दिसायला लागली.”

खाली तीन माणसं होती आणि ती एवढी एवढी अजिबात दिसत नव्हती. चाळीस फुटांवरून माणूस माणसाएवढाच दिसतो, फक्त त्याचं टक्कल आधी दिसतं. पण हे बापूला कुठून ठाऊक असणार?

बापू माझा मधला भाऊ. तेव्हा त्याचं वय सत्तर होतं, उंची सहा फूट आणि आवाज त्याहून उंच. आयुष्यात त्यानं एकच धंदा नीट चालवला, तो म्हणजे ही गोष्ट. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर स्मशानात लाकडं रचून होईपर्यंतच्या वेळात त्यानं ती सांगितलेली मी ऐकली आहे. दर वेळी विमान आधीपेक्षा थोडं वर जायचं.

विमान बांधलं होतं आमच्या थोरल्या भावानं, रंगरावदादानं. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला दादाला कुठल्याशा परदेशी मासिकात एका छोट्या विमानाचे नकाशे मिळाले, आणि लोकांची पंपाची कामं बाजूला सारून त्यानं दीड वर्ष खपून ते विमान उभं केलं. देवदाराची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं इचलकरंजीचं मांजरपाट, त्यावर लेप, आणि लष्कराच्या भंगारातून आणलेलं एक मरतुकडं इंजिन. सगळं उद्यमनगर त्याला रंगरावचं भिरभिरं म्हणायचं. दादाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण उद्यमनगरातल्या कुणाच्याच अकलेबद्दल त्याचं मत बरं नव्हतं.

उडालं ते एकदाच. त्यानंतर एक सरकारी माणूस येऊन दम देऊन गेला आणि भिरभिरं शेडच्या मागच्या बाजूला जाऊन बसलं, ते बेचाळीस वर्षं बसलं. मग दादाच्या मुलानं त्या जागेवर नवं मशीन आणायचं ठरवलं, म्हणून ते विकायला काढलं. ही हकीकत त्या विक्रीची. तिलाही आता दहाएक वर्षं होऊन गेली.

गिऱ्हाइकं येत होती, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आधी हायवेवरचा एक हॉटेलवाला आला. त्याला ते छपरावर बसवून आतून लायटिंग सोडायचं होतं. मग एका मंडळाचे चार कार्यकर्ते आले. त्यांना त्यात गणपती बसवायचा होता. त्यांतला एक फोटोसाठी पंखावर चढला आणि मांजरपाट फाडून गुडघ्यापर्यंत खाली आला. तिसरा होता बिल्डर. त्याच्या होणाऱ्या जावयाला लग्नाच्या मांडवात विमानातून ‘एंट्री’ मारायची होती.

“जावई करतो काय?” दादानं विचारलं.

“काही नाही, घरचंच बघतो.”

“मग त्याला गाढवावरनं आणा,” दादा म्हणाला आणि आत निघून गेला.

त्यानंतर रानवडे आले. पायात पांढरे बूट. उद्यमनगरात पांढरे बूट घालून येणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाहीतर त्याचे बूट दुसरा कुणी पुसत असतो. रानवड्यांच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. मुळशीकडे ते जुन्या वाहनांचं संग्रहालय काढत होते, आणि दिसेल त्या वस्तूला ‘वारसा’ म्हणायचे. गंजका नट उचलला, वारसा. दादाच्या कानावरची पेन्सिल दिसली, वारसा. मी चहा आणला तर फुटक्या कानाच्या कपालाही त्यांनी तेच म्हटलं, म्हणून मी तो कप मुद्दाम त्यांनाच दिला.

पण एक गोष्ट त्यांनी आधीच फोनवर कळवली होती. ते विमान छपरावर चढवणार नव्हते. चांगल्या कोरड्या जागेत ठेवणार होते आणि शेजारी पितळी पाटी लावणार होते. विमान कुणी बांधलं आणि कुणी उडवलं, ते त्या पाटीवर कोरलं जाणार होतं. त्या पाटीसाठी मी सांगलीहून सकाळच्या पहिल्या एस्टीनं आले होते.

कारण ते विमान बापूनं उडवलंच नव्हतं. मी उडवलं होतं.

यात फार विशेष काही नव्हतं, दुसरं कुणी नव्हतंच. दादाचा डावा डोळा लेथवरून उडालेल्या लोखंडाच्या किसानं तरुणपणीच अधू केलेला, त्याला जमिनीचं अंतर कळायचं नाही. बापूला बैलगाडीतसुद्धा उलटी व्हायची. मी मात्र पुण्याला मावशीकडे शिकायला असताना ग्लायडर शिकले होते, आणि माझं वजन दोन गुळाच्या ढेपांपेक्षा फार नव्हतं. त्या इंजिनाला तेवढंच झेपलं असतं. मामाच्या गावचा माळ, सकाळची वेळ, वारा पडलेला. मी एक फेरी मारली आणि ते खाली उतरवलं. मी वर मोठमोठ्यानं गात होते असं मामा पुढं कितीतरी वर्षं सांगायचा. मला गाणं आठवत नाही. मला एवढंच आठवतं की तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, लग्नात नाही आणि पोरं झाली तेव्हाही नाही. हे बोलून दाखवायचं नसतं म्हणतात, म्हणून मी आजवर बोलले नव्हते.

चार दिवसांनी गावातल्या पेपरचा माणूस बातमी शोधत आला. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. “पोरगी हवेत उडते म्हटल्यावर सांगलीकर काय म्हणतील?” असं म्हणून आमच्या वडिलांनी, आबांनी, बापूच्या डोळ्यांवर गॉगल चढवला आणि त्याला विमानाशेजारी उभं केलं. फोटोत बापू एक पाय चाकावर ठेवून आभाळाकडे बघतो आहे. लग्न होईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं असं ठरलं होतं. लग्न झालं, दोन मुलं झाली, सांगलीकर सासरे गेले, आबा गेले, मामा गेला, शेवटी माझा नवराही गेला, आणि बापू आपला अजून उडतच होता.

नवऱ्याला मी एकदा सांगितलं होतं. “आता उतरलीस ना खाली?” तो म्हणाला, आणि पेपरात डोकं घातलं. बापूच्या साठीच्या जेवणात मी सगळ्यांसमोर सांगून पाहिलं. भाच्या-पुतण्यांची नुसती हसून पुरेवाट झाली. सगळ्यांत मोठ्यानं हसला बापू. “शालन अशीच, लहानपणापास्नं,” तो म्हणाला. “शाळेत म्हणायची, माझी ती पाटी माझी, आणि तुझी तीबी माझी.” त्याच्याजवळ फोटो होता. माझ्याजवळ काय होतं? दादाचा शब्द. जगात ती गोष्ट बघितलेला आणि खोटं न बोलणारा तो एकटाच उरला होता. बोलतही नव्हता, ही अडचण.

म्हणून त्या दिवशी रानवडे यायच्या आधीच मी शेडमध्ये गेले. दादा इंजिन पुसत बसला होता.

“दादा, त्यांना काय सांगणार आहेस?”

“इंजिनाचं सांगणार. लाकडाचं सांगणार.”

“आणि उडवलं कुणी ते?”

“ते बापू सांगतोच की.”

“बापू खोटं सांगतो.”

“बापूचं ऐकतंय कोण?”

“सगळं कोल्हापूर ऐकतंय, दादा! एवढी वर्षं ऐकतंय.”

दादानं थोडा विचार केला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

“तेवढा ऑइलचा डबा दे,” तो म्हणाला.

मी डबा दिला. दुसरं काय करणार? पण त्या क्षणी मला त्याचा जो तिटकारा आला तो बापूचाही कधी आला नव्हता. बापू निदान खोटं बोलायची मेहनत तरी घेत होता.

आणि आता बापूची गोष्ट संपली होती आणि रानवडे खूश झाले होते.

“पाटीचा मजकूर मी आत्ताच ठरवून टाकतो,” ते म्हणाले. “बांधणी : रंगराव वडणगेकर. उड्डाण : कॅप्टन भालचंद्र ऊर्फ बापूसाहेब वडणगेकर. चालेल?”

“कॅप्टन?” मी म्हटलं.

“राहू दे की,” बापू म्हणाला. “लोक म्हणत्यातच.”

“कोण लोक?”

“शालन, पाव्हण्यांसमोर नको.”

मी दादाकडे पाहिलं. तो पंखावरच्या फाटलेल्या जागेला नव्यानं लावलेलं ठिगळ नखानं दाबून बघत होता. ठिगळ सुटतंय का, एवढाच प्रश्न त्या शेडमध्ये त्याला पडलेला होता.

“आता एक फोटो,” रानवडे म्हणाले. “बापूसाहेब, तुम्ही तुमच्या जागेवर बसा. तेव्हा बसला होतात तसेच.”

बापूचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. “गुडघे दुखत्यात हो,” तो म्हणाला. “बाहेरनंच घ्या. तवाबी बाहेरनंच घेतलावता.”

“छे, छे! वैमानिक आणि त्याचं विमान, हाच तर वारसा!”

मग काय, बापू चढला. एक पाय आत घातला, दुसरा घालताना शेडच्या छपराची लोखंडी कैची धरून लोंबकळला, आणि सगळा देह एकदम खाली सोडून दिला. करकर आवाज झाला. दादा कळवळून उभा राहिला. बापूचं पोट दांड्यावर बसलं होतं, गुडघे घड्याळांच्या पाटीला टेकून कानांपर्यंत आले होते, आणि पावलं पेडलवर जाण्याऐवजी पेडलच्या अलीकडेच दुमडून पडली होती. लहान मुलाच्या तिचाकीवर पैलवान बसावा तसा तो दिसत होता.

“हसा,” रानवडे म्हणाले.

“श्वास घेता येईना,” बापू म्हणाला.

त्याला बाहेर काढायला वेळ लागला. एका काखेत मी, दुसऱ्या काखेत रानवडे. रानवड्यांच्या पांढऱ्या बुटांवर ग्रीस लागलं आणि त्याला वारसा म्हणायचं ते विसरले. शेवटी बापू निघाला, बाकावर बसला आणि घाम पुसत म्हणाला, “उतारवय. पोट सुटलं. तवा मी शिडशिडीत होतो.”

“पोटाचं ठीक आहे,” रानवडे वाकून आत बघत म्हणाले. “पण गुडघे? मांडीचं हाड काही उतारवयात वाढत नाही.”

माणूस वाटला तेवढा मूर्ख नाही, आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं मला वाटलं. रानवड्यांनी खिशातून टेप काढली, सीटपासून पेडलपर्यंत धरली, मान हलवली आणि सरळ उभे राहिले.

“सीट चुकलीय,” ते म्हणाले.

मी डोक्याला हात लावला.

“फार पुढं बसवलीय. हौशी काम म्हटलं की असं काहीतरी राहून जातंच, त्यातच त्याची गंमत असते. बापूसाहेबांनी अशा अडचणीत बसून उडवलं, हे तर आणखीनच कौतुकाचं.”

“लई अडचण झालीती,” बापू लगेच म्हणाला.

“आमच्याकडे लोक आत बसून फोटो काढणार. तेव्हा असं करू, सीट कापून अर्धा फूट मागं घेऊ. आमचा सुतार तासाभरात करून टाकेल.”

दादाचा ठिगळावरचा हात थांबला.

“काय चुकलंय?” त्यानं विचारलं.

“सीट. तुमचा दोष नाही, वडणगेकरसाहेब. त्या काळी साधनं कुठं होती?”

“सीट मागं घेतली तर शेपूट जड होईल.”

“हो, पण—”

“नाक वर येईल. पन्नास फुटांवर गेलं की दगडागत खाली पडंल.”

“अहो, पण ते आता उडणार कुठं आहे?”

“उडणार न्हाई म्हणून तोल सोडायचा?” दादाचा आवाज चढला. आमच्या लहानपणापासून मी त्याला आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. “तुम्ही मरून पडल्यावर तुमचं मुंडकं उलटं बसवलं तर चालंल का?”

रानवडे दोन पावलं मागं सरकले. “पण साहेब, बापूसाहेबांना त्यात बसताच येत नाही, हे तुम्ही आत्ता स्वतः—”

“बापू कशाला बसतोय त्यात? बापूचा काय संबंध?” दादानं माझ्याकडे बोट केलं. “ती सीट हिच्या मापाची हाय. हिचा पाय मी मोजलाय. टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर. हात मोजलेत. हिला सूतभरसुद्धा वाकावं लागत नव्हतं. उडवलं ते हिनं, आणि नीट उडवलं. तवा सीट बरोबर हाय!”

रानवड्यांच्या हातातली टेप सटकन मिटली.

“दादा, अरे काय बोलतोस,” बापू बाकावरून हळूच म्हणाला.

“तू गप बस. तू म्हशी हाकत होतास.”

“म्हशी?” रानवडे म्हणाले.

“माळावर म्हशी चरत होत्या. त्या मधी येऊ नयेत म्हणून ह्याला काठी घेऊन उभा केलावता,” दादा म्हणाला. “तरी एक आलीच.”

मला ती म्हैस आठवली. तिच्यासाठीच तर मला शेवटच्या क्षणी पुन्हा वर घ्यावं लागलं होतं.

एवढी वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. दादा हे सगळ्यांसमोर बोलेल, मी रडेन, बापू मान खाली घालेल, असं सगळं मी सांगलीच्या स्वयंपाकघरात कितीतरी वेळा मनातल्या मनात घडवलं होतं. बापूनं मान खाली घातली होती खरी. पण मला रडू आलं नाही. मला राग आला. कारण दादा माझ्यासाठी बोललाच नव्हता. तो सीटच्या बाजूनं बोलला होता. रानवड्यांनी ती टेप खिशातून काढली नसती तर माझ्या सख्ख्या भावानं मला त्या पितळी पाटीखाली सुखानं पुरलं असतं आणि वर ऑइलचा डबा मागितला असता.

“एवढी वर्षं का बोलला नाहीस?” मी विचारलं.

दादाला खरोखरच प्रश्न कळला नाही. त्यानं आपल्या एका धड डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर कपट शोधून सापडलं नसतं.

“सीटबद्दल आजवर कुणी विचारलंच न्हाई,” तो म्हणाला.

अशा माणसावर रागावून उपयोग नसतो, तरी मी रागावले, आणि आज त्याला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो राग पुरता गेलेला नाही.

रानवडे मात्र सावरले होते. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. “ताई, म्हणजे एक महिला वैमानिक! हे तर फारच उत्तम झालं. पाटीसाठी आपलं नाव पूर्ण सांगा.”

मी सांगितलं. माहेरचं सांगितलं, कारण उडाले ते त्याच नावानं.

“आणि मी?” बापू म्हणाला.

त्याची थोडी दया आली असती, पण त्याच्या शर्टावरचा चहाचा डाग बघून ती आवरली. “लिहा की,” मी म्हटलं. “म्हशी : बापूसाहेब वडणगेकर.”

“कॅप्टन नको?” रानवड्यांनी गंभीरपणे विचारलं.

“नको,” दादा म्हणाला.

त्या माणसाला थट्टा कळत नव्हती हे माझं भाग्य. मुळशीला गेलात तर बघा, पाटीवर तिसरी ओळ आहे.

मग मला बसायला सांगितलं. बासष्टाव्या वर्षी नऊवारी नेसून विमानात चढणं सोपं नसतं, पण मला कैचीला लोंबकळावं लागलं नाही. खाली बसले आणि सगळं जिथल्या तिथं आलं. दांडा हाताशी, घड्याळं डोळ्यांसमोर, पाठीला सीट. पावलं पुढं केली तर पेडल बरोबर पावलांखाली होती. क्षणभर शेडच्या पत्र्याच्या जागी मला मामाचा माळ दिसला.

“बापूसाहेब, तुम्हीही या फोटोत,” रानवडे म्हणाले. बापू लगेच उठला. शेपटीपाशी जाऊन तिच्यावर कोपर टेकून उभा राहिला आणि त्यानं मान वर करून पत्र्याकडे बघितलं. आभाळ नव्हतं म्हणून काही अडलं नाही.

दादा माझ्या बाजूला वाकला. त्यानं आत डोकं घातलं आणि माझ्या पावलांकडे बघितलं.

“बघा,” तो रानवड्यांना म्हणाला, “बघा पाय कसा बसलाय.”

माझ्या तोंडाकडे त्यानं बघितलंच नाही.

“हसा,” रानवडे म्हणाले.

मी डावं पेडल पार शेवटपर्यंत दाबलं. मागं शेपटीचं सुकाणू फाडकन वळलं आणि बापूच्या बरगड्यांत बसलं. बापू असा बोंबलला की शेजारच्या वर्कशॉपमधले लेथ थांबले.

दादाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

“चालतंय की अजून,” तो म्हणाला.